सायलेन्सर बदलायचाय? आधी गाडीखाली शिरून मूळचा एक्झॉस्ट समजून घ्या

माझ्याकडे २०१४ची पोलो जीटी टीएसआय आहे. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (खेच), सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चाकणच्या कारखान्यातली गाडी. पळायला झकास, पण आवाज अगदी मवाळ. म्हणून घेतल्यावर दोनच महिन्यांत मी ती एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं खाली वाकून पाहिलं, "मागचा डबा काढू, सरळ पाइप टाकू, दहा हॉर्सपॉवर तरी वाढेल," म्हणाला आणि ग्राइंडर सुरू केला. दीड तासात काम संपलं.

पुढच्या रविवारी आई-बाबांना घेऊन एक्स्प्रेसवेनं मुंबईला निघालो. उर्से टोल ओलांडून गाडी एका वेगाला स्थिरावली आणि आत असा घुमारा सुरू झाला की मागे बसलेल्या आईनं लोणावळ्यालाच गाडी बाजूला घ्यायला लावली. पिकअप तसूभरही वाढला नव्हता. मूळचा सायलेन्सर परत बसवावा म्हटलं, तर तो कापून भंगारात गेलेला. नवा घ्यावा लागला.

चूक एका गोष्टीत होती. जो भाग काढला तो गाडीत काय काम करत होता, हे ना मी विचारलं, ना त्यानं सांगितलं. त्यानंतर मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांखाली बराच वेळ घालवला. हे सगळं टर्बो पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण आपल्याकडे हौशी लोकांच्या हातात आज त्याच जास्त आहेत. बिनटर्बोच्या गाडीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगतो.

धुराची वाट, पुढून मागे

आपण सरसकट सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण ती पाच-सहा वेगवेगळ्या भागांची माळ आहे.

इंजिनच्या हेडमधून वायू बाहेर पडतो तो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांत. तिथून टर्बोच्या टर्बाइनवर. टर्बो म्हणजे याच वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, आणि टर्बाइन म्हणजे त्याचं वायूनं फिरणारं चक्र. पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोल इंजिनात इथलं तापमान ९०० अंशांच्या घरात जाऊ शकतं. टर्बाइन फिरवण्यात वायूची बरीच ऊर्जा खर्च होते आणि आवाजाची धारही तिथेच बोथट होते. टर्बो गाड्या मुळातच मवाळ वाटतात त्या यामुळे. सगळा दोष मागच्या डब्याचा नसतो.

टर्बोला चिकटून खाली येणारा डाउनपाइप आणि त्यातच धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅट. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप. हा लेप साधारण २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतो. कॅट इंजिनच्या इतका जवळ बसवतात तो लवकर तापावा म्हणून. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर. पुढचा इंधनाचं प्रमाण ठरवायला मदत करतो, मागचा कॅट नीट काम करतोय का ते पाहतो.

त्यानंतर फ्लेक्स पाइप. स्टीलच्या जाळीत गुंडाळलेला, पन्हाळीदार, लवचिक तुकडा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि मागचा पाइप बॉडीला टांगलेला असतो. या दोघांची ओढाताण हा तुकडा सोसतो. गाडी खाली आपटली की पहिला जखमी हाच.

पुढे मधला पाइप आणि त्यावर रेझोनेटर. दिसायला छोटा सायलेन्सर, पण त्याचं काम ठराविक सुरांचा आवाज मारायचं. शेवटी मागचा डबा, ज्याला खऱ्या अर्थानं सायलेन्सर म्हणायचं, आणि टेलपाइप. मागच्या डब्यात सहसा दोन तंत्रं एकत्र असतात. एकात पत्र्याचे कप्पे असतात, वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळणं घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. दुसऱ्यात भोकं पाडलेल्या सरळ पाइपभोवती काचलोकर भरलेली असते, ती आवाज शोषते. बाजारातले बहुतेक 'स्पोर्ट' सायलेन्सर फक्त दुसऱ्या तंत्राचे. लोकर वर्षागणिक जळत, उडत जाते आणि आवाज वाढत जातो. बसवल्या दिवशी छान वाटलेला सायलेन्सर दोन वर्षांनी का भुंकतो, त्याचं उत्तर इथे आहे.

अडथळा कुठे, आवाज कुठे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वायू जितका गरम तितका त्याचा पसारा मोठा. ८०० अंशांचा वायू मागे येईपर्यंत ४०० अंशांवर आला, तर त्याचं आकारमान सुमारे ३७ टक्क्यांनी घटतं. म्हणजे गर्दी पुढे असते, मागे नाही. टर्बो गाडीत वायूला खरी अडचण होते ती टर्बोनंतरच्या पहिल्या हात-दीड हातात, डाउनपाइप आणि कॅटपाशी. मागचा डबा येईपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो. आवाजाचं मात्र उलटं आहे. त्याचा रंग ठरवण्यात मोठा वाटा मागच्या दोन डब्यांचा.

म्हणून मागचा डबा बदलून ताकद मागणं म्हणजे आवाजाच्या दुकानात जाऊन ताकद मागणं. याचं चांगलं उदाहरण ह्युंदाईनं स्वतःच दिलं. २०२१मध्ये आलेल्या आय२० एन लाइनला त्यांनी वेगळ्या सुरात बसवलेला, दोन तोंडांचा एक्झॉस्ट दिला. आवाज बदलला, तो चालवताना कळतो. पण १.० लिटर टर्बो इंजिनचे आकडे साध्या आय२० टर्बोत होते तेच राहिले, १२० पीएस आणि १७२ एनएम.

"टर्बोला थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब) लागतंच" हे वाक्य तुम्हाला पाच गॅरेजांत ऐकू येईल, पण ते खरं नाही. टर्बाइनच्या मागे दाब जितका कमी तितकं टर्बोला बरंच. बिनटर्बोच्या इंजिनात मात्र पाइपची जाडी जपून ठरवावी लागते. तिथेही बॅकप्रेशर हवं असतं असं नाही, वायूचा वेग हवा असतो. पाइप फार जाड केला की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो. दोन इंचाच्या पाइपऐवजी अडीच इंची टाकला तर आपल्याला वाटतं अर्ध्या इंचानं काय होतंय. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे इथे छप्पन्न टक्क्यांनी.

गाडीखाली जाताना

गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली जाऊ नका. स्टँड लावा, नाहीतर ओळखीच्या गॅरेजात अर्ध्या तासासाठी रॅम्प मागा, कोणी नाही म्हणत नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं असू द्या. कॅटला तासाभरापूर्वी धावलेल्या गाडीत हात लागला तर फोड येऊ शकतो. आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून पाहणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सोबत टॉर्च, चुंबक, कापडी हातमोजे, साबणाचं पाणी भरलेली स्प्रेची बाटली, मोजपट्टी आणि फोन. पुढून मागेपर्यंत प्रत्येक जोडाचा फोटो काढत चला. नंतर काही परत बसवायचं झालं तर हेच फोटो कामाला येतात.

बोटांनी, डोळ्यांनी, कानांनी

सुरुवात जोडांपासून करा. जिथे वायू गळतो तिथे कोरड्या काजळीची काळी फटकार दिसते, तव्याच्या बुडाला असते तशी. बोट फिरवलं की बोटाला येते. ती मॅनिफोल्डपाशी असेल आणि सकाळी पहिल्या स्टार्टला टिकटिक ऐकू येऊन गाडी तापल्यावर बंद होत असेल, तर गॅस्केट (जोडातली सील) गेलंय किंवा बारीक चीर पडलीय. धातू तापून फुगतो, चीर मिटते.

मग गळतीची चाचणी. थंड इंजिन सुरू करायला एकाला बसवा, तुम्ही जाड कापडाची घडी टेलपाइपवर दोन-तीन सेकंद दाबून धरा. सगळं घट्ट असेल तर दाब लगेच जाणवतो, कापड मागे ढकललं जातं. दाब जाणवत नसेल आणि कुठूनतरी फुस्स ऐकू आलं, तर जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात.

फ्लेक्स पाइपची जाळी सगळीकडून नीट पाहा, वरची बाजूही, फोन आत घालून व्हिडिओ काढा. तारा सुटलेल्या, एखादा फुगवटा, खालून घासल्याची चमक, यातलं काहीही असेल तर आधी तो बदला. माझ्या गाडीचा फ्लेक्स तसाच फाटलेला निघाला.

आता हँगर. पाइप ज्या रबरी कड्यांना टांगलेला असतो त्या अंगठ्यानं दाबा आणि ओढा. चांगलं रबर लगेच पूर्ववत होतं. म्हाताऱ्या रबराला ओढलं की भेगा उघडतात, त्यांतला आतला भाग करडा दिसतो. एक जरी लोंबला तरी पाइप तिरका होतो, स्पीडब्रेकरवर बॉडीला लागतो आणि आपण म्हणतो सायलेन्सर खडखडतोय. चार रबरांचं काम आहे हे.

मागच्या डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. भरीव, दबका आवाज आला तर ठीक. आत काही सुटं वाजलं तर कप्प्याचा पत्रा तुटलाय. डब्याच्या खालच्या अंगाला बारीक भोक दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच डब्यांना ते पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर डबा पुरेसा तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांना हेच बाहेरूनही होतं. रत्नागिरीच्या मित्राच्या गाडीचा डबा वरून ठीक दिसत होता, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आत गेलं.

चुंबक लावून पाहा. कंपनीच्या एक्झॉस्टला बहुधा ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक चिकटतं. त्यावर तांबूस गंज वरवर येतो, पण आतून ते लवकर खचत नाही. बाहेरचं महाग काम ३०४मध्ये करतात, त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. "३०४ वापरलंय" म्हणून पैसे घेणाऱ्याकडे जाताना खिशात हेच चुंबक न्या.

शेवटी मोजपट्टी. मधल्या पाइपचा बाहेरचा घेर मोजा आणि ३.१४नं भागा, व्यास मिळतो. सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे, पाइप कुठे दाबून चपटा केलाय, किती वळणं आहेत, लिहून ठेवा. मागच्या एक्सलवरून पाइप नेताना कंपनीनं तो चपटा केलेला असू शकतो. ती जागा सस्पेन्शनच्या हालचालीसाठी सोडलेली असते.

आकडे

पाहून झालं की मोजा. यातला कुठलाही आकडा जगाशी ताडून पाहायचा नाही, गाडीच्या 'आधी' आणि 'नंतर'चाच ताडायचा आहे.

एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र. गाडी पूर्ण तापल्यावर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल टाकतोय ते. उणे-अधिक पाच टक्क्यांत असेल तर उत्तम, दहाच्या पलीकडे अधिकमध्ये जात असेल तर शंका घ्या. पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू उगाच जास्त पेट्रोल टाकतो. मागच्या सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.६ ते ०.८च्या आसपास शांत असावा. तो पुढच्यासारखा वरखाली नाचत असेल तर कॅट संपत आलाय. पी०४२० हा बिघाडाचा कोड त्याचाच.

कॅट तुंबलाय अशी शंका असेल तर बॅकप्रेशर मोजून घ्या. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी कमी दाबाचं गेज लावतात. मेकॅनिक लोकांचा ठोकताळा असा की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर वाट मोकळी आहे. सेन्सर गंजून बसलेला असतो, ते काम अनुभवी माणसाकडूनच करा.

आवाजासाठी फोन पुरतो. फोनचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण तोच फोन, तीच जागा ठेवली तर तुलना खरी असते. टेलपाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंश बाजूला, तोंडाच्याच उंचीवर फोन धरा. उभ्या गाडीच्या आवाजाची प्रमाणित चाचणीही याच मांडणीनं होते. आयडल आणि ३,००० आरपीएम, तीन-तीन वेळा. लक्षात ठेवा, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो.

मग आतला आवाज, म्हणजे आमच्या आईला झालेला त्रास. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. २,४०० आरपीएमला सेकंदाला ४० फेऱ्या, म्हणजे ८० स्फोट, म्हणजे ८० हर्ट्झचा सूर. गाडीच्या आतल्या पोकळीला असा खालचा सूर सापडला की ती तबल्याच्या डग्ग्यासारखी घुमते. तीन सिलिंडरच्या गाडीत त्याच आरपीएमला ६० हर्ट्झ. तुमची गाडी हायवेवर सगळ्यात वरच्या गिअरला ८० आणि १०० किलोमीटर वेगाला किती आरपीएमवर असते ते पाहून लिहा. मूळचा रेझोनेटर बहुधा याच पट्ट्यासाठी बसवलेला असतो. तो काढायला निघालेल्या माणसाला हा आकडा सांगा आणि विचारा, इथे घुमणार नाही याची सोय तुम्ही काय करणार?

जमल्यास डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकदा मूळ स्थितीत गाडी चढवा. तीन रन, मध्ये गाडी थंड होऊ द्या. नंतरचा रन त्याच डायनोवर करा, दुसऱ्या शहरातल्या डायनोचा आकडा ताडायला उपयोगाचा नाही. आणि पीयूसी नवी काढून तिची प्रत जपा. बीएस४ पेट्रोल गाडीला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. तंदुरुस्त कॅट असलेली गाडी त्याच्या खूप खाली राहते. हा शंभर-सव्वाशे रुपयांचा कागद तुमच्या कॅटची तब्येत सांगतो.

कायदा काय म्हणतो

हे टाळून पुढे जाता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं, त्यात दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स निलंबन. आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

कॅट काढून टाकणं मला कायद्याशिवायही पटत नाही. पुण्यात सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर एखादी बाई मूल घेऊन उभी असते, बिनकॅटचा धूर थेट तिच्या तोंडावर जातो. शिवाय मागचा सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो, आणि तो दिवा सॉफ्टवेअरनं दाबला की पुढे खरा बिघाड झाला तरी कळत नाही.

हायवे-घाटाच्या रोजच्या गाडीत रस्त्यावर चालण्याजोगं काय उरतं? गळत्या बंद करणं, सडलेल्या डब्याच्या जागी कंपनीचाच किंवा त्याच मापाचा, तितकाच शांत डबा बसवणं, फ्लेक्स आणि रबरं नवी करणं. ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवली असेल तर गोष्ट निराळी. ती कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या सर्किटवर टोइंगनं न्या आणि तिथे हवं ते करा.

काम देताना

इतकं केल्यावर तुमच्या हातात एक पान असेल: व्यास, अरुंद जागा, गळती, ट्रिम, डेसिबल, हायवेचा आरपीएम. ते घेऊनच फिटरकडे जा. "आवाज भारी पाहिजे" म्हटलं की तो त्याच्या कानाला भारी वाटेल ते देतो. पान पुढे ठेवलं की बोलणं मापांवर येतं.

वेल्डिंग आर्गन वायूच्या आवरणात करणार का, हे विचारा. पाइप नुसता वाकवणार, की मॅन्ड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन? साध्या वाकवण्यात आतला घेर चपटा होतो आणि जाड पाइप घेतल्याचा फायदा वळणावरच संपतो. जुना पाइप कापायचाच असेल तर कुठे कापणार ते खडूनं आखून घ्या. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत एक्झॉस्ट एकसंध येतो, पण कापायची जागा कंपनीनंच पाइपवर ठोकून खुणेनं दाखवलेली असते. तिथे कापलं की नंतर क्लॅम्पची स्लीव्ह टाकून मूळचा डबा परत जोडता येतो. ती खूण वायर ब्रशनं घासून आधी स्वतः शोधा. माझ्या गाडीला ती होती. ग्राइंडर तिच्यापासून वीतभर पुढे चालला.

काम झाल्यावर पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, साबणाचं पाणी पुन्हा मारा आणि सगळे आकडे त्याच फोननं, त्याच जागी पुन्हा घ्या. काढलेला डबा आतलं पाणी निथळू देऊन, दोन्ही तोंडांत कापडाचे बोळे घालून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गोणपाटावर गाडीचा नंबर आणि काढल्याची तारीख मार्करनं लिहा.